बांधकाम कामगारांच्या सुरक्षा साधनांचा वापर आणि तंत्रज्ञान : एक विवेचन
(विशेष संदर्भ : सिंदी (रेल्वे), जि. वर्धा)

सारांश :

बांधकाम कामगारांनी हेल्मेट, बूट, हातमोजे, हार्नेस इत्यादी वैयक्तिक सुरक्षा साधने वापरावीत यासाठी अलीकडे कॅमेरे, संवेदक, चिप यांवर आधारित अनेक तंत्रे पुढे आली आहेत. कामगार साधन वापरतो की नाही, यावर नजर ठेवणे हे यांतील बहुतेक तंत्रांचे कार्य आहे. तो ते का वापरत नाही, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यांतून मिळत नाही. प्रस्तुत लेखात सिंदी (रेल्वे) परिसरातील बांधकामांच्या संदर्भात या तंत्रज्ञानाचे नजर ठेवणारे, साधन कामगाराच्या अंगाला बसविणारे आणि मुळात धोकाच दूर करणारे असे तीन प्रकार करून त्यांचे विवेचन केले आहे. लहान गावातील घरबांधणीत दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारचे तंत्रज्ञान अधिक उपयोगी आहे आणि ते अमलात आणण्याची जबाबदारी प्रामुख्याने घर बांधणाऱ्या मालकावर येते, असे प्रतिपादन लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : बांधकाम कामगार, वैयक्तिक सुरक्षा साधने, हेल्मेट, हार्नेस, उष्णता, समुचित तंत्रज्ञान, श्रम संहिता.

प्रस्तावना :

अन्न, वस्त्र आणि निवारा या मानवाच्या मूलभूत गरजा होत. यांपैकी निवारा उभा करणारा कामगार स्वतः मात्र उघड्या डोक्याने आणि अनवाणी पायांनी काम करताना दिसतो. ही विसंगती आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती आपल्याला खटकत नाही.

नागपूर-वर्धा लोहमार्गावरील सिंदी (रेल्वे) हे सेलू तालुक्यातील नगरपरिषदेचे गाव आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत या परिसराने दोन प्रकारची बांधकामे पाहिली. पहिला प्रकार मोठ्या प्रकल्पांचा. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी वाहतुकीस खुला झाला. सिंदी (रेल्वे) येथेच बहुविध मालवाहतूक केंद्राचा, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील ड्राय पोर्टचा, प्रकल्प हाती घेण्यात आला. अशा ठिकाणी हेल्मेट आणि चमकदार जाकीट घातल्याखेरीज सहसा प्रवेश मिळत नाही. दुसरा प्रकार गावातील घरांचा. एक मिस्त्री, दोन-तीन गवंडी, तितकेच बिगारी आणि रेजा, भाड्याने आणलेले मिक्सर आणि बांबू-बल्ल्यांची परांची एवढ्यावर हे काम चालते. येथे हेल्मेट अपवादानेच दिसते. पुष्कळदा तोच मजूर काही महिने प्रकल्पावर आणि काही महिने गावातील घरांवर काम करतो. तेथे तो हेल्मेट घालतो आणि येथे घालत नाही. म्हणजे केवळ अज्ञान किंवा बेफिकिरी हे याचे कारण असू शकत नाही. या साध्या निरीक्षणातून प्रस्तुत लेखाचा विषय निघाला आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१. वैयक्तिक सुरक्षा साधनांचे कार्य व त्यांच्या मर्यादा समजून घेणे.
२. ही साधने न वापरण्यामागील व्यावहारिक कारणांचा शोध घेणे.
३. साधनांचा वापर वाढविण्यासाठी उपलब्ध असलेल्या तंत्रज्ञानाचे वर्गीकरण व मूल्यमापन करणे.
४. लहान गावातील बांधकामांना लागू पडतील असे उपाय सुचविणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेखासाठी विवेचनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. कायद्यातील तरतुदी, प्रसिद्ध माहिती आणि लेखकाचे परिसरातील प्रत्यक्ष निरीक्षण यांचा आधार घेतला आहे. निरीक्षण मर्यादित असल्याने त्यावरून टक्केवारी काढलेली नाही.

विषय विवेचन :

१) प्रश्नाचे स्वरूप

भारतात बांधकामावरील मृत्यूंची पूर्ण नोंद होत नाही. विशेषतः लहान बांधकामांवरील मृत्यू पोलिसांच्या दप्तरी आकस्मिक मृत्यू म्हणून नोंदला जातो आणि तेथेच त्याची कथा संपते. दिल्ली येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि सुरत येथील राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१६ साली मांडलेल्या अंदाजानुसार देशात वर्षाला सुमारे ११,६०० बांधकाम कामगार कामावर मृत्युमुखी पडतात. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. तरीही प्रश्नाचा आकार त्यावरून लक्षात येतो.

महाराष्ट्रातील अलीकडच्या काही घटना सर्वांना स्मरत असतील. २९ जुलै २०१६ रोजी पुण्यातील बालेवाडी येथे इमारतीचा स्लॅब कोसळून ९ कामगार ठार झाले. ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसविणारे यंत्र कोसळले आणि २० जणांचा बळी गेला. १० सप्टेंबर २०२३ रोजी ठाण्यातील बाळकुम येथे उंच इमारतीची लिफ्ट कोसळून ७ कामगार मृत्यू पावले. या तिन्ही दुर्घटनांमध्ये हेल्मेट डोक्यावर असणे किंवा नसणे यामुळे फारसा फरक पडला नसता. वैयक्तिक सुरक्षा साधन ही शेवटची तटबंदी होय. आधीच्या तटबंद्या ढासळल्यावर ती एकटी टिकत नाही. हे भान ठेवूनच पुढील विवेचन वाचावे.

२) साधने कशी कार्य करतात

साधनाचा वापर वाढवावयाचा तर ते काय करते आणि काय करू शकत नाही हे आधी स्पष्ट असले पाहिजे.

हेल्मेटचे बाहेरील कवच कठीण असते, परंतु डोके वाचविण्याचे काम मुख्यतः आतील पट्ट्यांची जाळी करते. कवच आणि डोके यांच्यामध्ये या जाळीमुळे मोकळी जागा राहते. आघात झाल्यावर पट्ट्या ताणल्या जातात आणि धक्का डोक्यावर पसरून येतो. ही मोकळी जागा दुपट्टा, बिड्यांचे बंडल किंवा मोबाइल ठेवून भरली की हेल्मेटचा अर्थच संपतो. हनुवटीखालील पट्टा न बांधलेले हेल्मेट तोल जाताच डोक्याआधी खाली पडते. उन्हातील अतिनील किरणांमुळे प्लास्टिक ठिसूळ होते, म्हणून जुने हेल्मेट दिसायला चांगले असले तरी भरवशाचे नसते. औद्योगिक हेल्मेटसाठी भारतीय मानक २९२५ आहे. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या अनेक टोप्यांवर हे चिन्ह आढळत नाही.

हार्नेसचे गणित तर आपल्या गावातील घरांच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. पडणाऱ्या कामगाराला थांबविण्यासाठी साधारणतः १.८ मीटर दोरी, धक्का शोषणाऱ्या भागाच्या उलगडण्यासाठी सुमारे १.७५ मीटर, पाठीवरील कडीपासून पायापर्यंतच्या शरीरासाठी दीड मीटर आणि सुरक्षित अंतर म्हणून एक मीटर जमेस धरावे लागते. ही बेरीज सुमारे ६ मीटर होते. म्हणजे दोरी जेथे अडकविली तेथून खाली सहा मीटर मोकळी जागा हवी. सिंदीसारख्या गावात पहिल्या स्लॅबची उंची जमिनीपासून तीन-साडेतीन मीटर असते. तेथे कामगाराने सर्वोत्तम प्रतीचा हार्नेस घालून दोरी पायाजवळच्या सळीला अडकविली, तरी दोरी ताणली जाण्यापूर्वी तो जमिनीवर आदळण्याची शक्यता आहे. तीन मीटरवरून पडणारे शरीर जमिनीला ताशी सुमारे २८ किलोमीटर वेगाने भिडते. अशा ठिकाणी कामगार कडेपर्यंत पोहोचूच शकणार नाही इतकी आखूड दोरी किंवा कडेने पक्का कठडा हाच खरा उपाय ठरतो. ही गोष्ट हार्नेस वाटणाऱ्याने सांगितली नाही, तर साधन असूनही संरक्षण नाही अशी स्थिती निर्माण होते.

३) साधने न वापरण्याची कारणे

प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी स्वतःचे छोटे घर बांधले. त्या वेळी कर्तव्यबुद्धीने पाच हेल्मेट विकत आणून मिस्त्रीच्या स्वाधीन केली. आठ दिवसांनी पाहिले तेव्हा त्यांतील एकात खिळे होते, एक पाणी शिंपडण्यास वापरले जात होते आणि उरलेली सळ्यांना टांगलेली होती. लेखकाने नाराजी व्यक्त केली, तेव्हा डोक्यावर घमेले घेऊन उभ्या असलेल्या एका बाईंनी शांतपणे विचारले, ‘‘सर, मंग चुंबळ कुठं ठिवू?’’ या प्रश्नाला लेखकाकडे त्या वेळी उत्तर नव्हते.

चुंबळीचा हा प्रश्न मूलभूत आहे. ओले काँक्रीट दर लिटरला सुमारे २.४ किलो भरते. घमेल्यात दहा लिटर काँक्रीट असेल तर डोक्यावर २४ किलो भार येतो. हा भार चुंबळीवर तोलला जातो. गोलाकार, गुळगुळीत आणि आतून लोंबत्या जाळीच्या हेल्मेटवर तो तोलता येत नाही. म्हणजे बांधकामावरील मजूर स्त्रियांपैकी ज्या डोक्यावरून माल वाहतात, त्यांना हेल्मेट घालणे शारीरिकदृष्ट्याच अशक्य आहे. त्यांना ‘हेल्मेट का घालत नाही’ असे विचारणे म्हणजे कामाची रचना न पाहता कामगाराला दोष देणे होय.

दुसरे कारण उष्णतेचे. मे महिन्यात वर्धा जिल्ह्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. या उन्हात विदर्भातील मजूर डोक्याला आणि कानांना दुपट्टा गुंडाळतो. दुपट्टा घाम शोषतो, ओला करता येतो आणि लू लागण्यापासून वाचवितो. बंद प्लास्टिकचे हेल्मेट यांपैकी काहीच करीत नाही. डोक्यावर वीट पडण्याचा धोका कधीतरीचा आहे, ऊन मात्र रोजचे आणि दिवसभराचे आहे. मजूर रोजच्या धोक्याला आधी उत्तर देतो. त्याची ही निवड त्याच्या परिस्थितीत तर्कसंगतच आहे.

तिसरे कारण मापाचे. बूट, हातमोजे आणि हार्नेस प्रायः पुरुषी मापाने बनतात. साडी नेसून, त्यावर सदरा घालून काम करणाऱ्या स्त्रीला मांड्यांभोवती आवळावयाचा हार्नेस घालता येत नाही. मोठ्या हातमोज्यात विळा-थापीची पकड सुटते. सैल बूट परांचीवर पाय घसरण्यास कारण होतो.

चौथे कारण आर्थिक आहे. काम ठेक्याने असेल तर दर वेळी दोरी सोडून पुन्हा अडकविण्यात जाणारा वेळ मजुराच्या खिशातून जातो. सकाळी ठिय्यावर उभे राहून काम मिळविणारा मजूर रोज नव्या मालकाकडे जातो. कालच्या जागेवरील हेल्मेट आज त्याच्यासोबत नसते. पाचवे कारण प्रतिष्ठेचे म्हणता येईल. प्रकल्पांवर हेल्मेटच्या रंगावरून अधिकारी आणि मजूर ओळखला जातो. त्यामुळे हेल्मेट हे संरक्षणापेक्षा हुद्द्याचे चिन्ह वाटू लागते.

४) नजर ठेवणारे तंत्रज्ञान

आज सर्वाधिक बोलबाला या प्रकाराचा आहे. कॅमेऱ्यातून येणाऱ्या चित्रात माणसाचे डोके आणि त्यावरील हेल्मेट ओळखण्यास संगणकाला हजारो छायाचित्रांच्या आधारे शिकविले जाते. एका दृष्टिक्षेपात चित्रातील सर्व वस्तू ओळखणाऱ्या पद्धती २०१५ नंतर विकसित झाल्या आणि हे काम वेगाने होऊ लागले. हेल्मेट नसलेली व्यक्ती दिसताच पर्यवेक्षकाच्या मोबाइलवर सूचना जाते. दुसऱ्या पद्धतीत हेल्मेट, जाकीट आणि बूट यांत रेडिओ लहरींनी ओळखली जाणारी चिप बसवितात. तिन्ही चिप जुळल्याशिवाय प्रवेशद्वार उघडत नाही. तिसऱ्या पद्धतीत हेल्मेटमध्ये संवेदक असतो आणि ते डोक्यावर आहे की खुंटीला, हे तो कळवितो. हार्नेसच्या आकड्यातही असा संवेदक बसविता येतो. उंचीवर गेलेल्या कामगाराने आकडा अडकविला नसेल तर इशारा वाजतो.

महामार्ग, मेट्रो, कारखाना अशा मोठ्या जागी या तंत्रांचा उपयोग नाकारता येणार नाही. विशेषतः आकडा न अडकविल्याचा इशारा चूक घडण्यापूर्वी कामगारालाच मिळतो, ही त्याची जमेची बाजू होय. परंतु या प्रकाराच्या तीन मर्यादा ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली, कॅमेऱ्याला हेल्मेट दिसते, मात्र हनुवटीचा पट्टा सैल आहे की नाही, आतील जाळी फाटली आहे की नाही, हे तो सहसा सांगू शकत नाही. दुसरी, प्रवेशद्वारावर साधने घालून आत गेल्यावर ती काढून ठेवता येतात. तिसरी आणि महत्त्वाची मर्यादा अशी की, या तंत्राने गोळा केलेली माहिती दंड करण्यासाठी वापरली गेली तर कामगार कॅमेऱ्यासमोर हेल्मेट घालतो आणि आडोशाला काढतो. तेव्हा पडद्यावरील आकडा सुधारतो, पण धोका जेथल्या तेथे राहतो. हीच माहिती ‘कोणत्या जागी, कोणत्या वेळी साधने सर्वाधिक काढली जातात’ हे शोधण्यासाठी वापरली, तर दुपारी दोन वाजता सर्वजण हेल्मेट काढतात असे कळून सावलीची सोय किंवा कामाची वेळ बदलता येईल. यंत्र एकच असले, तरी त्याला विचारलेल्या प्रश्नावर त्याची उपयुक्तता ठरते.

सिंदीतील दोन खोल्यांच्या घरावर असा कॅमेरा लावणे खर्चाच्या दृष्टीने शक्य नाही, आणि त्याच्याकडे पाहणारा पर्यवेक्षकही तेथे नसतो.

५) अंगाला बसणारे तंत्रज्ञान

या प्रकारात साधनच असे घडवितात की ते घालणे नकोसे होऊ नये. हवा खेळती राहील अशी छिद्रे असलेली हलकी हेल्मेट, घाम शोषणारी आणि धुता येणारी कपाळपट्टी, मानेवर सावली धरणारे कापड, चार ठिकाणी बांधलेला हनुवटीचा पट्टा ही त्याची साधी उदाहरणे होत. विजेच्या तारांजवळ मात्र छिद्रांचे हेल्मेट चालत नाही, हे लक्षात ठेवावे. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य प्रशासनाने डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी जुन्या टोपीऐवजी हनुवटीच्या पट्ट्याचे, बाजूच्या आघातापासूनही वाचविणारे हेल्मेट स्वीकारल्याचे जाहीर केले. जपानमध्ये बॅटरीवर चालणारे दोन छोटे पंखे बसविलेले जाकीट बांधकामावर सर्रास वापरले जाते. पंखा बाहेरील हवा आत ओढतो, घाम वाळतो आणि शरीर थंड राहते. मात्र बाष्पीभवनावर आधारलेले कोणतेही साधन कोरड्या हवेत अधिक परिणामकारक असते. या दृष्टीने एप्रिल-मे महिन्यातील विदर्भाची कोरडी हवा अशा साधनांना अनुकूल आहे, पावसाळ्यातील दमट हवा तितकी नाही. आपल्याकडील ओला दुपट्टा याच तत्त्वावर चालतो. त्यामुळे दुपट्ट्याला शत्रू न मानता त्याचे पातळ, मापात शिवलेले आणि हेल्मेटच्या जाळीत अडथळा न आणणारे रूप तयार करणे हा अभियांत्रिकी किंवा गृहविज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना सहज करता येण्यासारखा प्रकल्प आहे.

६) धोका दूर करणारे तंत्रज्ञान

सुरक्षाशास्त्रात उपाययोजनांची उतरंड सांगितली जाते. धोका नाहीसा करणे, त्याऐवजी कमी धोक्याची पद्धत वापरणे, यंत्ररचनेने धोका अडविणे, नियम व प्रशिक्षण आणि सर्वांत शेवटी वैयक्तिक साधन असा तिचा क्रम आहे. वरच्या पायरीवरील उपाय कामगाराच्या आठवणीवर आणि इच्छेवर अवलंबून नसतो, हे या क्रमाचे मर्म होय.

सॅन फ्रान्सिस्को येथील गोल्डन गेट पुलाचे बांधकाम (१९३३ ते १९३७) याचे बोलके उदाहरण आहे. तेथे हेल्मेट सक्तीचे होते, पण त्याबरोबरच पुलाखाली भलेमोठे जाळे बांधले होते. त्या जाळ्याने १९ कामगारांचे प्राण वाचविले. जाळ्याला मर्यादाही होती. १७ फेब्रुवारी १९३७ रोजी एक अवजड फलाट त्यावर कोसळला, जाळे फाटले आणि १० जण दगावले. तरीही त्या १९ जणांपैकी कोणालाही वाचण्यासाठी स्वतः काही करावे लागले नव्हते, ही गोष्ट विसरता येत नाही.

हा विचार वर्ध्याला परका नाही. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम जे. सी. कुमारप्पा यांच्या मार्गदर्शनाखाली वर्ध्यातील मगनवाडीत चाले. मगनवाडीच्या नावाने ओळखली गेलेली ‘मगन चूल’ धुराड्यावाटे धूर घराबाहेर काढीत असे. स्त्रीने नाकाला पदर लावावा असा उपदेश त्या चुलीने केला नाही, तिने धुराचीच वाट बदलली. धोका दूर करणाऱ्या तंत्रज्ञानाची याहून नेमकी व्याख्या करता येणार नाही. १९७६ साली देवेंद्रकुमार यांनी वर्ध्याजवळ स्थापन केलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने हीच परंपरा घरबांधणीपर्यंत आणली. जिल्ह्यात असा वारसा असताना बांधकाम सुरक्षेचा विचार केवळ आयात कॅमेऱ्यांच्या अंगाने व्हावा, हे उचित नाही.

घरबांधणीत या प्रकारचे उपाय महागडे नाहीत. फरशी किंवा ग्रॅनाइट कापताना पात्यावर पाण्याची बारीक धार सोडली की सिलिकायुक्त धूळ जागीच बसते. ही धूळ वर्षानुवर्षे फुप्फुसात गेल्यास बरा न होणारा सिलिकोसिस होतो, आणि तोंडाला बांधलेला रुमाल तिला अडवीत नाही. परांचीला बाहेरील बाजूने कमरेच्या उंचीचा आडवा बांबू आणि त्याखाली मधला बांबू बांधला की पडण्याची वाटच बंद होते. जिन्यासाठी आणि डक्टसाठी स्लॅबमध्ये सोडलेली मोकळी जागा फळ्या ठोकून झाकता येते. उभ्या सळ्यांच्या टोकांवर टोप्या बसविता येतात.

चुंबळीच्या प्रश्नालाही येथेच उत्तर सापडते. लिफ्ट जोडलेले मिक्सर आता तालुक्याच्या गावी भाड्याने मिळते. त्यामुळे काँक्रीट जिन्यावरून डोक्यावर न्यावे लागत नाही. वर हातगाडी वापरली तर घमेल्यांची रांगही आखूड होते. माल चढविणाऱ्या या लिफ्टवर माणसे चढू नयेत, ही काळजी मात्र कटाक्षाने घ्यावी लागते.

परंतु येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो. यंत्र आले की रेजांची संख्या घटते. ज्या बाईंनी लेखकाला चुंबळीविषयी विचारले, त्यांच्या डोक्यावरील भार यंत्राने काढला आणि त्यांची रोजीही काढली, तर त्याला सुरक्षा म्हणता येईल का? धोका दूर करताना उपजीविका दूर होऊ नये, यासाठी गवंडीकाम, फरशीकाम, रंगकाम यांचे प्रशिक्षण स्त्रियांना मिळणे आवश्यक आहे. आपल्याकडे गवंडी हा पुरुष आणि घमेले उचलणारी ती स्त्री, ही विभागणी कौशल्याची नसून रूढीची आहे. सुरक्षेचा विचार या रूढीपर्यंत नेल्याखेरीज पूर्ण होत नाही.

७) कायदा आणि त्यातील पोकळी

इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी केंद्राने १९९६ साली स्वतंत्र कायदा केला. महाराष्ट्राचे नियम २००७ साली आले आणि पुढे राज्यात कल्याणकारी मंडळ स्थापन झाले. बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकरातून मंडळाचा निधी उभा राहतो. वर्षभरात किमान ९० दिवस काम केलेल्या १८ ते ६० वयोगटातील कामगारांची नोंदणी होते आणि त्यांना सुरक्षा संचासह विविध योजनांचा लाभ मिळतो. कामावर मृत्यू आल्यास वारसांना ५ लाख रुपयांचे साहाय्य देण्याची योजनाही आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता अमलात आल्या आणि १९९६ च्या कायद्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. सुरक्षेसाठी पुरविलेल्या गोष्टींचा आकार मालकाने कामगाराकडून घेऊ नये, हे तत्त्व तीत आहे. परंतु दहापेक्षा कमी कामगार असलेली बांधकामे आणि स्वतःच्या राहण्यासाठी बांधलेली ५० लाख रुपयांपर्यंतची घरे या संहितेतील बांधकामाच्या व्याख्येबाहेर ठेवली आहेत. १९९६ च्या कायद्यात स्वतःच्या घरासाठी ही मर्यादा १० लाख रुपये होती. याचा अर्थ सिंदीसारख्या गावात जी बांधकामे सर्वाधिक होतात, त्यांतील बहुतेक कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. तेथे निरीक्षक येणार नाही आणि दंडही होणार नाही. तेथे कामगाराच्या डोक्याचा विचार करणारी एकच व्यक्ती उरते, ती म्हणजे घराचा मालक.

निष्कर्ष :

१. साधने न वापरण्यामागे अज्ञानापेक्षा उष्णता, मापाचा अभाव, ठेक्याची पद्धत आणि कामाची रचना ही कारणे अधिक प्रभावी दिसतात.
२. डोक्यावरून माल वाहणाऱ्या स्त्री कामगारांना हेल्मेट वापरणे सध्याच्या कार्यपद्धतीत अशक्य आहे.
३. एकमजली बांधकामात हार्नेसपेक्षा कठडा, झाकण आणि आखूड दोरी हे उपाय अधिक विश्वसनीय आहेत.
४. नजर ठेवणारे तंत्रज्ञान मोठ्या प्रकल्पांना उपयुक्त आहे, परंतु त्यातून मिळणारी माहिती दंडासाठी न वापरता कार्यस्थिती सुधारण्यासाठी वापरली पाहिजे.
५. लहान बांधकामे कायद्याच्या व्याख्येबाहेर राहिल्याने तेथील सुरक्षा मालकाच्या विवेकावर अवलंबून आहे.

शिफारशी :

१. घर बांधणाऱ्याने मिस्त्रीशी दर ठरवितानाच कठडा, स्लॅबमधील मोकळ्या जागांची झाकणे, लिफ्टचे मिक्सर आणि ओली कटाई यांचा खर्च स्वतंत्र ओळीने धरावा. दरात मिसळलेली सुरक्षा प्रथम कापली जाते.
२. एप्रिल-मे महिन्यांत काम पहाटे सुरू करून दुपारी थांबवावे व त्या विश्रांतीची मजुरी कापू नये.
३. हेल्मेट, बूट आणि हातमोजे विकत घेण्यापूर्वी मानक चिन्ह पाहावे व वापरणाऱ्याच्या मापाने घ्यावेत.
४. नगरपरिषदांनी बांधकाम परवानगीसोबत एका पानाची मराठी व हिंदी सुरक्षा सूचना द्यावी.
५. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजना पथकांनी ठिय्यावर जाऊन कामगारांना मंडळाच्या नोंदणीसाठी साहाय्य करावे.

समारोप :

या नियतकालिकाचा वाचक बहुधा प्राध्यापक आहे. आपल्यापैकी अनेकांनी गृहकर्ज काढून घर बांधले आहे किंवा लवकरच बांधणार आहेत. त्या काळात आपण सिमेंटचा ब्रँड, सळईची जाडी आणि फरशीचा रंग यांविषयी बारकाईने चौकशी करतो. परांचीला कठडा आहे का, हे मात्र विचारत नाही. आपल्या घराच्या मर्यादेपर्यंत आपणच मालक असतो, आणि कायद्याने आपल्याला मोकळे सोडले म्हणून आपली जबाबदारी संपत नाही. चुंबळ कुठे ठेवू, हा प्रश्न एका मजूर स्त्रीने विचारला होता. त्याचे उत्तर देण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नाही. भाड्याचे एक मिक्सर, एक हातगाडी आणि तिच्या हाती थापी देण्याची तयारी एवढे पुरे आहे.